जुनी लक्झरी एसयूव्ही घेताना मागच्या सीटवर बसा

मी फिजिओथेरपिस्ट. इंजिनातलं मला बेताचंच कळतं. पण गाडीतून उतरलेला माणूस पहिली चार पावलं कशी टाकतो, यावरून त्याचा प्रवास कसा झाला हे मला बरेचदा ओळखता येतं. आई ८१ वर्षांची. कंबरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यामधली गादी जुनीच सरकलेली, आणि कराड ते पुण्यातलं कोथरूड महिन्यातून दोन फेऱ्या. अंतर साधारण १६० किलोमीटर. आमच्या छोट्या गाडीतून आली की तिचा पहिला दिवस शेक घेण्यातच जायचा. म्हणून ठरवलं, जुनी का होईना, पण मोठी आणि मऊ चालणारी गाडी घ्यायची. बजेट ३० लाखांच्या आत. त्यात २०१६ ते २०१९ च्या ऑडी क्यू५, बीएमडब्ल्यू एक्स३, मर्सिडीज जीएलसी, व्होल्व्हो एक्ससी६० या गाड्या बसतात. (यातली क्यू५ संभाजीनगरजवळ शेंद्र्याला आणि जीएलसी चाकणला जोडली जाते, त्यामुळे ‘फॉरेनची गाडी’ म्हणून मिरवणाऱ्यांचं मला जरा हसूच येतं.)

चार महिन्यांत अकरा गाड्या पाहिल्या. त्यातल्या दोन एकाच मॉडेलच्या, एकाच वर्षाच्या, रंगसुद्धा तोच. एक मी नाकारली, दुसरी घेतली. म्हणूनच कुठलं मॉडेल घ्या हे मी सांगणार नाही. सात-आठ वर्षांनंतर मॉडेलपेक्षा समोर उभी असलेली ती एक गाडी कशी वागवली गेली, हे जास्त महत्त्वाचं असतं.

पेशंट दारातून आत आला की मी आधी एकच गोष्ट बघते: हे दुखणं आहे की ठेवण? आखडलेला स्नायू हे दुखणं, ते बरं होतं. एक पाय जन्मतः आखूड असणं ही ठेवण, तिच्याशी जुळवून घ्यावं लागतं. गाडीचंही मी तसंच केलं. वाळलेले रबरी बुश (सांध्यांतले धक्का शोषणारे तुकडे), म्हातारे टायर, थकलेले शॉकअप हे दुखणं. पैसे टाकले की जातं, आणि ते पैसे किमतीतून मागता येतात. सीटचा आकार, मांडीखालचा आधार, पाठीचा कल, चढण्याची उंची ही ठेवण. ती पटली नाही तर गाडी कितीही स्वस्त असो, चावी परत देऊन घरी यायचं.

जाण्याआधी फोनवर

तीन गोष्टी विचारा. गाडी आज सुरू करू नका, मी आल्यावर थंड इंजिनावर सुरू करायची, हे आधीच सांगा. रिम किती इंची, ते विचारा. आणि चारही टायरच्या बाजूचा फोटो मागवा.

रिमचं कारण साधं आहे. एकच मॉडेल १८ इंची रिमवर मिळतं आणि २० इंचीवरही. बाहेरून चाकाचा घेर जवळपास सारखाच. मग फरक कुठे जातो? रबरात. २३५/६० आर१८ या मापात टायरच्या भिंतीची उंची १४१ मिलिमीटर येते. २५५/४५ आर२० मध्ये ती ११५ च्या आसपास. म्हणजे खड्डा आणि तुमची कंबर यांच्यामधली एक इंच गादी दिखाव्यासाठी काढून टाकलेली. काचेसारख्या गुळगुळीत रस्त्यावर हे कळणारही नाही. आपल्याकडे पहिल्याच चेंबरच्या झाकणावर कळतं. मोठ्या रिमची गाडी आवडलीच तर त्या मॉडेलला कंपनीनं मान्य केलेलं लहान माप बसतं का, ते शोरूममध्ये विचारून घ्या. ब्रेकचा कॅलिपर आड येत असेल तर नाही बसत.

टायरच्या फोटोत चार आकडे शोधा. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी भरपूर शिल्लक असली तरी सहा-सात वर्षांचं रबर टणक झालेलं असतं. रन-फ्लॅट टायर असतील तर त्यांची भिंत मुळातच जाड आणि ताठ असते, हवा गेल्यावरही गाडी चालावी म्हणून. बीएमडब्ल्यूमध्ये हे टायर बरेचदा दिसतात. काही मालक ते काढून साधे टायर टाकतात आणि गाडी एकदम मवाळ होते. पण मग स्टेपनी आहे का ते बघा. नसेल तर पंक्चरचं किट आणि हवेचा छोटा पंप डिकीत हवाच; उंब्रजजवळ रात्री अकरा वाजता हे आठवून उपयोग नसतो.

उभ्या गाडीजवळ

टायरमधली हवा आधी मोजा. माझ्या पर्समध्ये आता थर्मामीटरबरोबर हवा मोजायचं मीटर असतं, त्यावरून घरात थट्टा चालते. ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर किंवा इंधनाच्या झाकणाच्या आत हवेचा तक्ता असतो, त्याच्याशी ताडून बघा. मी पाहिलेल्या एका गाडीत तक्त्यापेक्षा आठ पॉइंट कमी हवा होती. स्पीडब्रेकरवरून ती लोण्यासारखी गेली. हवा बरोबर भरून पुन्हा फिरवली तर पुढची दोन्ही चाकं ठकठक बोलायला लागली. उलट प्रकारही होतो: महिनोन्‌महिने उभ्या असलेल्या गाडीत हवा जास्त भरून ठेवतात, आणि मग चांगली गाडी दगडासारखी लागते. बरोबर हवा भरल्याशिवाय ट्रायल घेऊ नका. पंप नेहमी जवळच असतो.

टायरच्या पृष्ठभागावरून उघडा तळहात फिरवा, एकदा पुढे, एकदा मागे. उंचवटे-खळगे लागले तर टायर लाटालाटांनी झिजलाय. बहुतेक वेळा शॉकअप थकलेला असतो किंवा अलाइनमेंट बिघडलेलं. हा टायर हायवेवर घोंघावणार.

गाडीत एअर सस्पेन्शन (लोखंडी स्प्रिंगऐवजी हवेच्या फुग्यांवर गाडी तोलणारी सोय) असेल तर एक दिवस जास्त द्या. संध्याकाळी चाकाच्या मध्यापासून वरच्या कमानीपर्यंतचं अंतर चारही बाजूंनी टेपनं मोजून लिहून ठेवा, सकाळी गाडी सुरू करण्याआधी पुन्हा मोजा. एखादा कोपरा बोटभर खाली बसला असेल तर हवा गळते. गळती भरून काढायला कॉम्प्रेसर सतत चालत राहतो आणि शेवटी तोही जातो. एक्ससी६० च्या काही गाड्यांना एअर सस्पेन्शन आहे, काहींना मागे आडवा पाटा आहे. आपल्या ट्रकच्या कमानपाट्यासारखा लोखंडी नव्हे, काचतंतूंच्या मिश्रणाचा. जाहिरातीत दोन्ही गाड्या सारख्याच दिसतात, म्हणून कुठली समोर आहे ते नीट बघून घ्या.

कोपऱ्यावर जोर देऊन गाडी हलवून बघायचा जुना उपाय इथे फारसा चालत नाही. पावणेदोन-दोन टनांची गाडी माझ्यासारखीनं कितीही दाबली तरी तिला पत्ता लागत नाही.

आता सीट. इथे मी वेळ घालवते, आणि तुम्हीही घालवा.

पुढची सीट चालवणाऱ्याच्या मापानं लावा, मग तिच्या मागे बसा. नितंब पाठीला टेकवून बसल्यावर गुडघ्याच्या मागची खोबण आणि सीटची कड यांत दोन-तीन बोटं जागा राहायला हवी. जास्त राहिली तर मांडी अधांतरी, सगळं वजन बसायच्या हाडांवर. अजिबात राहिली नाही तर कड नसा दाबते आणि शिरवळला पोचेपर्यंत पायाला मुंग्या. गुडघे कंबरेपेक्षा फार वर येत असतील तर कंबर गोल होते. गादी सरकलेल्या माणसाला हे सगळ्यांत वाईट. स्वीडनमध्ये अल्फ नाकेमसन यांनी १९६० च्या दशकात जिवंत माणसांच्या मणक्याच्या गादीत सुई घालून दाब मोजला होता. आम्हाला कॉलेजात ते आकडे पाठ करावे लागायचे. पुढे वाकून बसलं की तो दाब वाढतो, पाठ थोडी मागे कललेली आणि टेकलेली असली की कमी होतो. म्हणून मागच्या सीटच्या पाठीला जरा कल हवा, काटकोनापेक्षा दहा-वीस अंश मागे. काही गाड्यांत तो बदलता येतो, काहींत नाही. विक्रेत्याला विचारू नका, सीटच्या बाजूला हात घालून स्वतः बघा.

चालवणाऱ्याच्या सीटची दाराकडची कड चाचपा. उतरताना रोज त्याच कडेवरून घसरल्यामुळे तिथला फोम आधी बसतो. ७० हजार किलोमीटर दाखवणाऱ्या मीटरसमोर ती कड पूर्ण लोळागोळा झालेली दिसली तर मीटरवर विश्वास ठेवू नका. कंबरेच्या आधाराचं बटण दाबून तो फुगतो का आणि दहा मिनिटांनी तसाच राहतो का, तेही बघा.

चढण्या-उतरण्याची परीक्षा त्याच माणसाकडून घ्या ज्याच्यासाठी गाडी आहे. आईला मी पाच गाड्यांत बसवलं. योग्य उंची म्हणजे आधी पाठ फिरवून सीटवर टेकायचं आणि मग दोन्ही पाय एकदम आत घ्यायचे, हे न चढता जमलं पाहिजे. एका गाडीला बाहेरून हौसेनं फूटबोर्ड बसवला होता. उतरताना आईची नडगी त्यावर दोनदा आपटली. फूटबोर्ड काढता येतो, म्हणून ते दुखणं. पण खालचा उंबरठा रुंद असेल तर ती ठेवण.

ट्रायल: आधी हळू, वाईट रस्त्यावर

विक्रेता तुम्हाला बाणेरच्या नव्या रस्त्यावर नेईल. नको म्हणा. मी पौड रोडनं भूगाव-पिरंगुटकडे जायचे, गावातले स्पीडब्रेकर आणि कडेची उखडलेली साइडपट्टी मिळते म्हणून. आणि मी चालवायचेच नाही. चालवणाऱ्याच्या हातात स्टिअरिंग असतं, धक्का येण्याआधी त्याचं शरीर सावरलेलं असतं. मागच्याला ती सूचना मिळत नाही. पहिली ट्रायल मागच्या सीटवर बसूनच घ्या. गाणी बंद, एसी एकवर.

थोडं शास्त्र सांगते, कारण नुसतं ‘मऊ’ आणि ‘कडक’ म्हणून भागत नाही. धडधाकट गाडीची बॉडी स्प्रिंगवर सेकंदाला साधारण एक ते दीड वेळा वर-खाली होते. शरीराला ती लय चालते. बसलेल्या माणसाचा कणा मात्र सेकंदाला चार ते सहा कंपनांना सर्वांत जास्त थरथरतो, तिथे धक्का शोषला न जाता वाढतो. आणि अगदी संथ झोका, पाच-पाच सेकंदांचा, पोटात ढवळतो. बोट लागते ती त्यामुळेच. म्हणजे गाडी ताठ असली की कंबर जाते आणि फार लोळणारी असली की मळमळ. आईला दोन्हीचं वावडं. आपल्याला हवी ती मधली.

हे मोजायला मी मोबाइलवर फिफॉक्स नावाचं अ‍ॅप घेतलं होतं, त्यात धक्क्यांचा आलेख निघतो. दोन ट्रायलनंतर सोडून दिलं. त्यापेक्षा वही मांडीवर ठेवून पेनानं सरळ रेघ ओढत राहायची, ही युक्ती बरी. त्याच रस्त्यावर, त्याच वेगानं, प्रत्येक गाडीत एक पान. बारीक करवतीसारखी रेघ आली तर टायर किंवा बुश. मोठमोठ्या लाटा आल्या तर शॉकअप. आमच्या फ्रिजवर अकरा पानं लागली होती.

स्पीडब्रेकर १५-२० च्या वेगानं, ब्रेकवरचा पाय काढून ओलांडायला सांगा. पलीकडे उतरल्यावर गाडी एकदा खाली, एकदा वर आणि शांत झाली पाहिजे. दुसरा, तिसरा हेलकावा आला तर शॉकअप संपत आलेत. मग तोच स्पीडब्रेकर तिरका घ्या, एका वेळी एक चाक. गाडीला पीळ पडतो आणि डॅशबोर्ड, सनरूफ, मागचं दार यांतलं जे जे सैल आहे ते बोलू लागतं. ठक असा कोरडा एकच आवाज बहुधा लिंक रॉडचा किंवा बॉल जॉइंटचा. दबका ‘ढप्प’ आला तर लोअर आर्मचे (चाकाला धरून ठेवणाऱ्या खालच्या दांड्याचे) बुश. गाडी उभी करून स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवताना स्प्रिंग सुटल्यासारखा ‘टंग’ झाला तर पुढच्या शॉकअपचं वरचं माउंटिंग.

कम्फर्ट आणि स्पोर्ट अशी बटणं असतील तर आधी ती नेमकं काय बदलतात ते विचारा. काही गाड्यांत फक्त इंजिन आणि गिअर बदलतात, शॉकअप साधेच असतात. इलेक्ट्रॉनिक शॉकअप आहेत असं सांगितलं आणि बटण दाबून पाठीला काहीच फरक कळला नाही, तर कुणीतरी स्वस्तातले साधे बसवून वॉर्निंगचा दिवा बंद करून ठेवलेला असू शकतो. गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाड वाचणारा स्कॅनर लावल्याशिवाय अशी गाडी घेऊ नका.

सिग्नलला उभं असताना गिअर डीमध्ये, पाय ब्रेकवर, एसी चालू. सीटमध्ये बारीक थरथर येते का? एनमध्ये टाकल्यावर गेली तर इंजिन माउंटिंग बघून घ्या. मग गर्दीत मुंगीच्या पावलानं चालवा. क्यू५ मध्ये दोन क्लचचा गिअरबॉक्स असतो. रांगताना तो किंचित अडखळतोच, पण मान पुढे-मागे व्हायला लागली तर क्लच किंवा त्याचं कंट्रोल तपासायला हवं. बाकी तिघींत टॉर्क कन्व्हर्टर, म्हणजे इंजिनाचा जोर तेलातून पोचवणारा प्रकार, ते मुळात गुळगुळीत. ‘गिअर ऑइल आयुष्यभराचं असतं’ असं कुणी म्हणालं तर ऐकून घ्या आणि सर्व्हिसची बिलं मागा. एक्स३ चा आठ गिअरचा बॉक्स बनवणारी झेडएफ कंपनी स्वतः ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरदरम्यान ऑइल बदला म्हणते.

मग हायवे

चांदणी चौकातून हायवेला लागून कात्रजचा बोगदा ओलांडायचा आणि वळून परत यायचं. ८० ते १०० च्या दरम्यान स्टिअरिंग थरथरलं तर बॅलन्सिंग किंवा वाकलेली रिम. फक्त ब्रेक लावल्यावर थरथरलं तर डिस्क. वेगाबरोबर वाढणारी ‘हूं’ ऐकू आली तर लांब वळणाकडे लक्ष ठेवा: गाडीचं वजन एका बाजूला गेल्यावर आवाज बदलला तर व्हील बेअरिंग, डांबरावरून काँक्रीटवर गेल्यावर बदलला तर टायर. एक्स्प्रेसवेचं काँक्रीट टायरचा आवाज असा उघडा पाडतं की तिथे काहीच लपत नाही. तुमचा नेहमीचा रस्ता तोच असेल किंवा समृद्धी असेल, तर ट्रायल काँक्रीटवरच घ्या.

आई कानाला मशीन लावते. त्या मशीनला चाकांची खालची घरघर आणि माणसाचा आवाज वेगळे करणं जड जातं. म्हणून माझी चाचणी अशी: १०० च्या वेगाला मागून साध्या आवाजात ‘चहा कुठे घ्यायचा?’ विचारायचं. पुढच्यानं ‘काय?’ म्हटलं की एक गुण कमी. वाऱ्याची शीळ येत असेल तर दाराचं रबर आणि पुढची काच बघा. काही गाड्यांना मध्ये आवाज अडवणारा पदर असलेली काच असते, तिच्या कोपऱ्यात तशी खूण असते. दगड लागून ती बदलताना कुणी साधी बसवली असेल तर आवाज तिथून येतो. बाकीच्या काचांवरचं नाव आणि पुढच्या काचेवरचं नाव जुळतंय का, एवढं बघितलं तरी अंदाज येतो.

लिफ्टवर

इथपर्यंत गाडी पास झाली तरच गॅरेजचा खर्च करा. आमच्या मिस्त्रींनी गाडी वर चढवून टॉर्च मारला आणि बोट दाखवलं: शॉकअपवर ओला तेलकट डाग, बुशच्या रबराला पडलेल्या चिरा, रिमची आतली कड. ती आतली कड बाहेरून कधीच दिसत नाही आणि खड्ड्यात आधी तीच वाकते. नाकारलेल्या जुळ्या गाडीत चारपैकी दोन रिम वाकलेल्या होत्या. घेतलेल्या गाडीत दोन्ही लोअर आर्मचे बुश चिरलेले आणि टायर सहा वर्षांचे. मिस्त्रींनी कागदावर आकडा लिहून दिला, टायरच लाखाच्या घरात होते. तो कागद मी मालकांसमोर ठेवला. घासाघीस झाली, पण आवाज चढला नाही, कारण बोलणं ‘गाडी वाईट आहे’ असं नव्हतं. हे चार सुटे भाग, ही किंमत, इतकंच होतं.

पुराचं पाणी तपासायला सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून काढा, आतल्या टोकाला चिखलाची रेघ दिसते. २०१९ च्या ऑगस्टात कोल्हापूर-सांगलीत आणि सप्टेंबरात पुण्यात किती गाड्या बुडाल्या ते आठवा. पायाखालचा कार्पेट दाबून ओल लागली तर पूरच असेल असं नाही, सनरूफच्या नळ्या तुंबूनही पाणी उतरतं. पण गाडीत कुबट वास घेऊन दोन तास बसवत नाही, हे खरं. कागदपत्रांचं सगळीकडे लिहिलेलं सापडेल, मी एकच सांगते: दिल्लीची गाडी स्वस्त दिसली तर तिथली एनओसी आणि इथला रोड टॅक्स धरून बेरीज करा, मग ती तेवढी स्वस्त राहत नाही.

बुश आणि टायर बदलून झाले, हवा तक्त्याप्रमाणे. आई आता खंबाटकीच्या पलीकडे एकदाच थांबा घेते, आणि तो चहासाठी. एक गोष्ट मात्र मी तपासायची विसरले. तिची उंची चार फूट अकरा इंच. मागचा सीटबेल्ट तिच्या खांद्यावरून न जाता गळ्याला घासतो, आणि त्याची उंची बदलायची सोय या गाडीच्या मागच्या सीटला नाही. ठेवणच ती. तिच्याखाली एक कडक, सपाट उशी दिली की बेल्ट दोन बोटं खाली येतो, पण मग पाय जमिनीला नीट टेकत नाहीत. म्हणून पायाखाली लाकडी पाट ठेवलाय, तळाला रबर ठोकून, घसरू नये म्हणून. तुमच्याकडची बसणारी व्यक्ती बुटकी असेल तर शोरूममध्येच बेल्ट लावून बघा.